घटाची माती

एडविन साळवे दोन बाटल्या घेऊन खुटबावच्या चावडीपुढं सायकलवरून उतरला, तेव्हा निम्मं गाव तिथं जमलं होतं. मल्हारी मात्र नव्हता. तो कालव्याच्या भरावावर उभा राहून मावळतीकडं बघत होता. भादवा सरत आला की त्याचा पाय घरात ठरत नसे. पाऊस मागं हटायला लागायचा आणि मल्हारीला जेजुरीची वाट दिसायची. जेजुरीपुढं भोर, भोरपुढं घाट, घाटाखाली कोकण. पन्नाशी ओलांडेपर्यंत दर साल तो मेंढरं घेऊन त्या वाटेनं गेला होता. आता सहा वर्षं तो चार एकरांच्या एका तुकड्यावर, पत्र्याच्या छपराखाली राहत होता; पण त्याची घोंगडी आणि पिशवी अजून खुंटीलाच असे, निघायच्या तयारीत.

१९५९ साल होतं. त्यानं जमीन कशी घेतली ही गोष्ट खुटबावात अजून चवीनं सांगितली जाई. एका साली कोकणात अवकाळी पावसानं त्याची अर्धी मेंढरं गारठून मेली. उरलेल्यांतली बहुतेक विकून तो जमीन बघायला निघाला. दुसरा कुणी असता तर त्यानं माती मुठीत दाबून बघितली असती, विहिरीचं पाणी चाखलं असतं, शेजाऱ्याला विचारलं असतं. मल्हारीनं जवळची मेंढरं रानात सोडली. मेंढरांनी माना खाली घातल्या आणि माती चाटायला सुरुवात केली. हाकलली तरी हलेनात. "मुकं जनावर लबाड बोलत न्हाई," असं म्हणून मल्हारीनं इसार दिला.

मेंढरं लबाड बोलली नव्हती. माती खारट होती. वर्षानुवर्षं कालव्याचं पाणी आणि उसावर ऊस घेऊन ते रान चोपण झालं होतं, आणि आधीचा मालक ते कुणाच्या तरी गळ्यात घालायच्या खटपटीत होता. पाऊस पडला की रानात पाणी परातीत साचावं तसं साचे, आठवडा झाला तरी खाली जात नसे. वाळलं की वर पांढरी बुरशी धरावी तसा क्षार येई आणि खालची ढेकळं इतकी कठीण होत की नांगर त्यांच्यावरून घसरे. बाजरी उगवे ती टकलावरच्या केसांसारखी, चार इथं आणि चार तिथं.

मल्हारीची सून नकुशी चावडीपुढच्या बायकांत उभी होती. तिचा जन्म वाटेवर झाला होता आणि लग्नही वाटेवरच. लहानपणापासून रोज सकाळी चूल मोडायची, तीन दगड तिथंच टाकायचे, घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि संध्याकाळी दुसरीकडं दुसरे तीन दगड शोधायचे, हेच तिनं केलं होतं. खुटबावला आल्यावर तिनं घरामागं शेवगा लावला. तिसऱ्या वर्षी त्याला शेंगा आल्या. आपण लावलेल्या झाडाचं आपण खाल्लं, असं तिच्या माहेरात कुणाच्या बाबतीत घडलं नव्हतं. ती गोष्ट ती कुणाला बोलली नाही, पण शेंगा संपल्या तरी सकाळ-संध्याकाळ त्या झाडाला हात लावून येई.

आणि आता मल्हारीनं सांगून टाकलं होतं की बस झालं. दिवाळी झाली की मेंढरवाल्या हौसरावाचा वाडा, म्हणजे त्याची मेंढरं, घोडी आणि माणसं, कोकणात निघेल; त्याच्याबरोबर मल्हारी, त्याची बायको बयाबाई, मुलगा भिमा आणि नकुशी, असे चौघंही निघतील. रान कुणालातरी निम्म्या पिकाच्या बोलीवर, अर्धलीनं देऊन टाकायचं.

एडविननं बाटल्या चावडीच्या कट्ट्यावर ठेवल्या. केडगावच्या मिशनच्या आवारात वाढलेला हा पोरगा शेतीचं शिक्षण घेऊन ब्लॉकमध्ये नोकरीला लागला होता. त्याच्या सदऱ्याची इस्त्री सायकलवरच्या धुळीतही टिकून होती, आणि तो बोलताना मिशनच्या शाळेतलं मराठी आणि गावातलं मराठी यांच्यात सारखा ये-जा करी.

"दोन्हीत एकाच रानातली माती आहे," तो म्हणाला. "चोपण. आता बघा." त्यानं दोन्ही बाटल्या हलवल्या. पाणी चहासारखं गढूळ झालं. एकीत त्यानं चिमूटभर पांढरी भुकटी टाकली, पुन्हा हलवली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. "जरा थांबा."

"किती थांबायचं? म्हस सोडायचीय मला," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुझी म्हस तुझ्याबिगर जास्ती दूध देती," दुसरा म्हणाला आणि लोक हसले.

तंबाखूची चंची सगळ्यांच्या हातून फिरून परत येईस्तोवर भुकटी टाकलेल्या बाटलीतली माती तळाला बसली. वरचं पाणी नितळ झालं. दुसरी बाटली होती तशीच गढूळ राहिली.

"भुकटी मंतरलेली दिसती," चावडीवरचा म्हातारा आण्णा म्हणाला.

"मंत्र नाही आण्णा, जिप्सम. मातीचा कण लई बारीक असतो. तुमच्या कणांच्या अंगाला सोडा चिकटलाय. सोडा चिकटला की एक कण दुसऱ्याला धरत नाही. सगळे सुटे होतात आणि मातीतली बारीक भोकं बुजवून टाकतात. मग पाणी खाली जात नाही, मूळही जात नाही. जिप्सममध्ये चुना असतो. तो सोड्याला ढकलतो आणि त्याच्या जागेवर बसतो. कण परत गोळा होतात, भोकं मोकळी होतात. वरून पाणी दिलं की सुटलेला सोडा धुऊन जातो."

"म्हंजी मातीला खरूज झालीया, आन् ह्यो मलम!"

"तसंच म्हणा."

"मग माती बदलती का?"

"माती तीच राहते. फक्त तिच्या अंगावरचं बदलतं."

नकुशीनं हे वाक्य ऐकलं आणि तिला वाटलं, एवढंच तर पाहिजे. तिनं दोन्ही बाटल्यांकडं पुन्हा पुन्हा बघितलं. एडविन पुढं सांगत होता, की दसऱ्यानंतर केडगाव स्टेशनवर मालगाडीनं जिप्समची वाघीण येणार आहे, सरकार गावातल्या एक-दोन रानांत ते फुकट टाकून दाखवणार आहे, आणि त्याआधी ज्याची इच्छा असेल त्याच्या रानाची माती पुण्याला तपासायला जाईल. "माती बघतील आणि रान निवडतील," तो म्हणाला. कशावरून निवडतील, हे तो बोलला नाही. त्याच्या लेखी ते सांगण्यासारखं काही नव्हतं.

भिमानं नाव दिलं. मल्हारी घरी आल्यावर त्याला सांगितलं, तेव्हा तो नुसता "बरं" म्हणाला आणि परत बाहेर पडला.

माती काढायची ती एडविननं स्वतः, असा नियम होता. रानात नागमोडी चालत ठिकठिकाणी गिरमीट मारायचं, सगळी माती मिसळायची आणि त्यातली थोडी पिशवीत भरायची. तो मल्हारीच्या घरी आला तेव्हा गिरमिटाची मूठ तुटलेली होती, अजून तीन गावं राहिली होती आणि दुसऱ्या दिवशी पिशव्या पुण्याला जायच्या होत्या. दारात नकुशी एकटीच होती.

"वहिनी, रानातली माती काढून ठेवा," पांढऱ्या कापडाची पिशवी तिच्या हातात देत तो म्हणाला. "शेरभर पुरे. स्वच्छ पाहिजे, काडीकचरा नको. उद्या जाताना नेतो."

"कंच्या रानातली?"

"तुमच्याच की!" असं म्हणून तो पायडलवर उभा राहिला आणि गेलाही.

दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. घटासाठी रानातली माती घरातल्या बाईनं आणायची असते. पहाटेच नकुशीनं अंघोळ केली आणि अनवाणी रानात गेली. उत्तरेच्या बांधाकडं बोरीखाली रानाचा एक उंच कोपरा होता. तिथवर कालव्याचा पाझर पोचत नव्हता. तिथली माती काळी, भुसभुशीत, हातात घेतली की दाणेदार. घटाखालचं धान्य जेवढं उंच उगवेल तेवढं घराला चांगलं, म्हणून सहा वर्षं ती घटाची माती तिथूनच आणत होती. तिनं पाटी भरली, घरी आणली, चाळली, खडे वेचले. निम्मी माती पत्रावळीवर घटाभोवती पसरली. निम्मी एडविनच्या पिशवीत भरली.

रानातून माती काढून मानानं कुठं ठेवायची, याची तिला एकच रीत ठाऊक होती. शिवाय साहेब रान निवडणार होते. निवडायला आलेल्यापुढं कुणी वंगाळ वस्तू ठेवत नाही. तिनं पिशवीच्या तोंडाला गाठ मारली आणि गाठीवर हळदीकुंकवाचं बोट लावलं. एडविननं सकाळी ते बघितलं, थोडा हसला आणि पिशवी हँडलला अडकवून निघून गेला.

त्या साली घटाचं धान्य वीतभर उगवलं. बयाबाईनं सुनेकडं बघून मान हलवली. तिच्या बाजूनं ते कौतुक होतं.

दसरा झाला आणि एडविन निकाल घेऊन आला. नेमका त्या दिवशी मल्हारी घरात होता. घोड्याच्या जुन्या खोगिराला तो सकाळपासून सुया मारत बसला होता. मध्येच उठे, दारापर्यंत जाई, परत येऊन बसे.

"आबा, तुमच्या रानाला जिप्समची गरज नाही," एडविन म्हणाला. त्याच्या आवाजात आश्चर्य होतं. "माती उत्तम आहे. सोडा नाही, क्षार नाही. ह्या पट्ट्यात अशी माती मी अजून बघितली नाही. जिप्सम आता पलीकडच्या रानाला जाईल. तुमचं नाव काढावं लागतंय."

मल्हारीनं सुई बाजूला ठेवली. "परत एकदा सांगा, साहेब."

एडविननं परत सांगितलं. मल्हारी उठून दारात गेला आणि शेजारच्या छपराकडं तोंड करून मोठ्यानं ओरडला, "आण्णा! ऐकलंस का? माझ्या मेंढरांनी सहा वर्सांमागं सांगितलं व्हतं ते सरकारला आज कळलं! उत्तम माती! हसा आता!"

सहा वर्षांत त्याला असं मोकळं हसताना कुणी बघितलं नव्हतं. बयाबाईनं कपाळाला हात लावून देवाकडं बघितलं. भिमा मात्र खाली मान घालून बसला. जमीन उत्तम असेल तर मग त्यानं इतकी वर्षं काय केलं होतं?

मल्हारीनंही तेच काढलं. "मग समजलं. जिमीन चांगली, हात वंगाळ. आपला हात काठीचा, नांगराचा न्हाई. काय भिमा?" ते रागानं नव्हतं. एखादं जुनं कोडं सुटल्यासारखा तो बोलत होता. "दिवाळीला निघायचं. सगळ्यांनी."

नकुशी चुलीपाशी होती. 'उत्तम' हा शब्द ऐकला तेव्हाच तिच्या हातातलं पीठ थांबलं होतं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, ती करपली, दुसरी टाकली, ती मोडली. एडविनची सायकल दारातून हलली तशी ती घागर काखेला मारून मागच्या बाजूनं निघाली, आणि भरावावर तिनं त्याला गाठलं.

"साहेब, थांबा. ती माती रानाची न्हवती."

एडविननं पाय टेकला. "मग कुणाची होती?"

"रानातलीच. पर घटाची. बांधाकडच्या कोपऱ्यातली. चाळून दिली मी."

एडविनचे कान लाल झाले. "वहिनी, अहो, मी वंगाळ मातीच शोधत होतो! आजारी माणूस डॉक्टरकडं न्यायचा, तर तुम्ही शेजारचा पैलवान पाठवलात."

"तुम्ही म्हणाला स्वच्छ द्या."

"म्हणालो." तो आता तिच्यावर चिडला नव्हता. "खणायचं मी होतं. मीच खणली असं वर कळवून बसलोय. वरचे साहेब माझी हजेरी घेतील ती घेतील." त्यानं सायकलची घंटी उगाच वाजवली. "वाघीण शनिवारी लागते. त्याच्या आत माती परत तपासता येईल, निदान बाटलीत तरी. पण मला चोरून खणता येत नाही. आबांनी हो म्हणायला पाहिजे. आधी कसली माती गेली होती ते त्यांना कळायला पाहिजे."

"त्यांना न सांगता न्हाई का व्हायचं?"

"न सांगता कसं? नाव कमी केलं ते परत का घातलं, असं गाव विचारणारच की."

ती घागर न भरताच परत आली. रात्री तिनं भिमाला सांगितलं. तो म्हणाला, "आबांना आत्ता कुठं बरं वाटतंय." मग थोड्या वेळानं म्हणाला, "सांगायचं तर तूच सांग. मी सांगितलं तर म्हणतील, पोरगा आपली आळशी पाठ झाकतोय."

दुसऱ्या दिवशी हौसराव आला. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडी, आणि बोलणं असं की चार रानांवर ऐकू जावं. नदीच्या कडेला त्याची मेंढरं बसली होती आणि कोण कोण बरोबर येणार, घोडी किती लागणार, हे तो ठरवत फिरत होता.

"मल्हारदा, तुझं रान सोन्याचं निघालं म्हंत्यात!"

"मी न्हवं, माझी मेंढरं म्हनली व्हती."

"मग सोन्याचं रान सोडून घाटात काय दगडं चाटायला येतोस?"

"रान सोन्याचं, पर आम्ही लोखंडाचे," मल्हारी म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर खूष होऊन मांडीवर थाप मारली. "चौघं येतो. माझं खोगीर बी शिवून झालंय."

नकुशीनं चहा आणून ठेवला. ती आत गेली नाही. भिंतीकडं तोंड करून, पदर पुढं ओढून उभी राहिली. सासऱ्याशी ती कधी थेट बोलली नव्हती. घरात तशी पद्धतच नव्हती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मामंजींना सांगा, साहेबांनी नेली ती माती रानाची न्हवती. मी घटाची माती दिली व्हती, बोरीखालची. मधल्या रानाची दिलीच न्हाई."

चहाची बशी मल्हारीच्या तोंडाशी थांबली. खोली लहान होती आणि सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. तरी त्यानं बायकोकडं बघून विचारलं, "तिला इचार, आसं करायला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगितलं गं?" बयाबाईनं विचारलं.

"कुणी न्हाई. मला वाटलं, चांगली दिली तर आपलं रान घेतील."

"तिला म्हणावं, मग गप बसायचं व्हतं. आत्ता कशाला तोंड उघडलं?"

"अगं, आत्ता कशाला..." बयाबाईनं सुरुवात केली आणि मध्येच वैतागून म्हणाली, "आवं, ती वावभर अंतरावर हाय. तुम्हीच बोला की! माझा जीव दमला मधी पळून."

हौसराव हसला, पण मल्हारीचा चेहरा बघून त्यानं हसू मिशीत आवरलं.

"सांगा त्यांना," नकुशी भिंतीलाच म्हणाली, "हात वंगाळ न्हाईत. ह्यांनी सहा सालं हाडाची काडं केली. रानात पानीच खाली जात न्हाई, त्याला हात काय करणार? आन् साहेब परत खणाया तयार हाय. मामंजींनी व्हय म्हणाया पायजे."

मल्हारीनं बशी खाली ठेवली. काल ज्या दारातून तो आण्णाला ओरडला होता त्या दारातून तो बाहेर गेला आणि कालव्याकडं चालायला लागला.

पण सकाळी एडविन परवानगी विचारायला, नवी मूठ बसवलेलं गिरमीट घेऊन आला, तेव्हा मल्हारी रानात आधीच उभा होता. "हितं मार," तो म्हणाला. मग पुढं चालत गेला. "हितं मार. आन् हितं." एडविन सांगेल त्याच्या दुप्पट ठिकाणी त्यानं खणायला लावलं. एखादी तरी मूठ चांगली निघेल असं त्याच्या मनात असावं. सगळी माती पाटीत मिसळल्यावर त्यानं एडविनच्या हातातून बाटली घेतली, स्वतः माती घातली, स्वतः पाणी घातलं, स्वतः हलवली आणि बांधावर मांडी घालून बाटली पुढ्यात ठेवली.

ऊन माथ्यावर आलं. बाटली गढूळच होती. आण्णा येऊन बघून गेला. भिमानं भाकरी आणून ठेवली, तिला मुंग्या लागल्या. एडविनला दुसरीकडं जायचं होतं, पण तोही जरा लांब सायकलच्या सावलीत बसून राहिला. दिवस कलता कलता हौसराव आला आणि वाकून म्हणाला, "मल्हारदा, दूध घातलंस तर चहा हुईल बघ."

मल्हारी उठला. बाटली त्यानं रानात ओतली. पाणी ओतलं तिथंच चकाकत राहिलं.

"टाका काय टाकायचं ते," तो एडविनला म्हणाला. मग हौसरावाकडं वळून म्हणाला, "मी येतोय. काल रान चांगलं म्हणून येत व्हतो, आज वंगाळ म्हणून येतो."

"ह्याला जायाला कारण लागत न्हाई," हौसराव एडविनला म्हणाला, "नुसता वारा लागतो."

"आन् ही दोघं?" मल्हारीनं विचारलं. विचारलं हौसरावाला, बघितलं रानाकडं.

भिमा म्हणाला, "आम्ही हितंच."

एडविनला वरच्या साहेबाचं बोलणं खावं लागलं. कमी केलेलं नाव परत घालताना चार एकरांचं एका एकरावर आलं. वाघिणीतलं जिप्सम बैलगाडीनं केडगावहून आलं. पिठासारखं पांढरं, वास नाही, चव नाही. नकुशी आणि भिमानं ते पाट्यांनी पसरलं, कुळवानं मातीत मिसळलं, बांध घातले आणि पाळीचं पाणी आलं तेव्हा एकरभर पाणी उभं केलं. मग नकुशीच्या जिवाला थारा राहिला नाही. भाकरी टाकून ती रानात जाई, बांधात एक काडी रोवलेली होती तिच्यावर पाणी किती उतरलं ते बघे, परत येई, पुन्हा जाई. कधी वाटे बोटभर उतरलंय. कधी वाटे, ऊनच पिऊन गेलं असेल.

"साहेब, लागू पडलं का न्हाई?"

"वहिनी, चिकटायला त्याला वर्षं लागली. सुटायला दोन-तीन सालं तरी द्या. मधे शेणखत घाला, लेंडीखत मिळालं तर फारच चांगलं."

दिवाळी झाली. बयाबाई राहील असं नकुशीनं धरून ठेवलं होतं. तिचे गुडघे दुखत, घाटाच्या नावानं ती बोटं मोडी. पण निघायच्या आदल्या दिवशी तिनं आपली तवी, काटवट आणि दोन लुगडी बांधली. "त्यांना भाकरी कोण घालंल?" एवढंच ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "शेवग्याच्या शेंगा वाळवून ठेव माझ्यासाठी." नकुशीला रडायला आलं, ते तिनं चुलीच्या धुरावर ढकललं.

त्याच दुपारी ती नदीकडं हौसरावाच्या वाड्यावर गेली. मेंढरवाले वाटेवर शेतकऱ्याच्या रानात रात्रभर मेंढरं बसवतात. रानाला लेंडीमुताचं खत मिळतं आणि मेंढरवाल्याला त्याचं धान्य. "आजच्या रातीला आमच्या त्या एकरात बसवा," ती हौसरावाला म्हणाली. "पानी आटलंय तिथवर तरी."

"पोरी, आजच्या राती मेंढरांचा धनी मल्हारदा हाय. आम्ही पाळी लावलीया, ज्याची रात त्याचं धान्य. त्याला इचार."

मल्हारी घोड्याच्या पाठीवर खोगीर घालून बघत होता. मध्ये बयाबाई नव्हती. नकुशी थोडी दूर उभी राहून जमिनीकडं बघत म्हणाली, "मेंढरं बसवायची व्हती."

मल्हारीनं खोगिराचा पट्टा आवळला, सैल केला, परत आवळला. "कुणब्याकडून घेतो ते घेईन," तो घोड्याला म्हणाला. "दोन पायल्या बाजरी. सकाळी."

घरच्या रानाला कुणी भाव सांगत नाही. हौसरावाच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. नकुशीनं मान हलवली आणि ती घरी आली. कणगीत बाजरी थोडीच होती, तीही लोकांच्या रानात खुरपून मिळवलेली.

सकाळी रान बघितलं तर पांढऱ्या मातीवर खुरांचे ठसे आणि लेंड्यांचा थर पडलेला. मेंढरं उठत होती, कोकरं आयांना शोधत ओरडत होती, कुत्री कळपाभोवती फिरत होती आणि घोड्यांवर ओझी चढत होती. नकुशी पाटीत बाजरी घेऊन बांधावर आली. भिमानं पायलीनं माप घातलं. मल्हारीनं पिशवीचं तोंड धरलं. दुसरी पायली ओतून झाल्यावर नकुशीनं पाटीतली एक ओंजळ वर घातली. सासूसासरे वाटेला लागतात, हात रिकामा राहू नये म्हणून.

मल्हारीनं पिशवीत हात घातला, तेवढीच ओंजळ काढली आणि तिच्या पाटीत परत टाकली. "ठरलं त्याच्या वर न्हाई घेत मी."

तो पिशवी घोड्यावर टाकायला वळला. हौसरावानं लांबून हाळी दिली, कळपाचं पुढचं टोक भरावावर चढलं होतं. मल्हारी दोन पावलं गेला आणि थांबला. वाकून त्यानं रानातली मूठभर माती उचलली, बोटांत चोळली, वासही घेतला आणि टाकून दिली. मग पहिल्यांदाच तो सुनेकडं बघून सुनेशी बोलला.

"पुढल्या साली बसवायची आसली तर दसऱ्याच्या आधी निरोप धाड. नदीकडचे कुणबी आधीपासनं सांगून ठेवत्यात. मग माझ्याकडं रात शिल्लक राहायची न्हाई."

"धाडीन," नकुशी म्हणाली. "पर पुढल्या साली चारी एकरांत बसवा."

"तेवढी बाजरी कुठनं आणशील?"

"ह्याच रानातनं."

मल्हारीनं काठी खांद्यावर टाकली. "मग बघू," तो म्हणाला आणि मेंढरांमागं चालायला लागला, भराभर, दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखा. नकुशी ओंजळभर बाजरीची पाटी घेऊन बांधावर उभी होती. भिमानं कुळवाला बैल जुंपले होते. लेंड्या वाळायच्या आत मातीत मिसळायच्या होत्या.